लॅब परीक्षेची यादी हातात आहे, मग नेमके शिकायचे काय?

गेल्या वर्षी एक तरुण अभियंता आपली अभ्यासाची वही घेऊन माझ्याकडे आला. तो हिंजवडीतल्या एका कंपनीत नेटवर्कवर देखरेख ठेवण्याचे काम करतो, एका आठवड्याआड त्याला रात्रपाळी असते, आणि सिस्को कंपनीचे सीसीआयई हे सर्वांत वरच्या पायरीचे प्रमाणपत्र मिळवायचेच, असे त्याने मनाशी पक्के केले होते. वही नीटनेटकी होती. तिच्यात बीजीपी (मोठी नेटवर्के एकमेकांना मार्ग सांगतात ती पद्धत) या एकाच विषयावर ऐंशी पाने होती, एसडी-वॅनवर (दूरच्या शाखांचे नेटवर्क सॉफ्टवेअरने चालवण्याचे तंत्र) चार पाने होती, आणि ‘ऑटोमेशन’ असे शीर्षक लिहिलेले पान कोरे होते. परीक्षेच्या विषयांची अधिकृत यादी त्याने छापून वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवली होती. म्हणजे परीक्षेत कशावर विचारतील हे त्याला ठाऊक होते. पण त्यातले आज काय हातात घ्यायचे, किती खोलवर जायचे आणि काय बाजूला ठेवायचे, हे त्या यादीतून त्याला कळत नव्हते.

हाच प्रश्न या परीक्षेला बसणाऱ्या बहुतेकांना पडतो. बीजीपीवर ऐंशी पाने का भरली, असे मी त्याला विचारले, तेव्हा त्याने प्रांजळपणे सांगितले की रोजच्या कामात बीजीपीच येते, ते समजते आणि म्हणून ते वाचायला बरे वाटते. मोकळे सोडले की आपण जे आधीच येते तेच पुन्हा शिकत बसतो. काय शिकायचे हे ठरवण्याला म्हणूनच अभ्यासाइतकेच महत्त्व आहे, आणि ते ठरवायचे कसे, हे मी इथे पायरीपायरीने सांगणार आहे.

परीक्षा आहे तरी कशी?

सीसीआयईची सुरुवात १९९३ साली झाली. संगणकांची जाळी एकमेकांना जोडणारी यंत्रे, म्हणजे राउटर आणि स्विच, माणसाला प्रत्यक्ष हाताळता येतात की नाही, हे पर्यायांतून उत्तर निवडायला लावून कळत नाही. म्हणून या प्रमाणपत्रात लेखी परीक्षेच्या जोडीला प्रत्यक्ष कामाची, म्हणजे लॅबची, परीक्षा ठेवलेली आहे. पूर्वी ती दोन दिवस चालत असे. २००१ पासून ती एकाच दिवसात, आठ तासांत होते.

या प्रमाणपत्राच्या अनेक शाखा आहेत. त्यांपैकी सर्वांत रुळलेली शाखा २०२० पर्यंत ‘रूटिंग अँड स्विचिंग’ या नावाने ओळखली जात होती, आणि त्या वर्षीच्या फेरबदलात तिची जागा ‘एंटरप्राइज इन्फ्रास्ट्रक्चर’ने घेतली. हा लेख तिच्याबद्दल आहे. आधी ‘एनकोर’ नावाची १२० मिनिटांची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि त्यानंतर तीन वर्षांच्या आत लॅबला बसावे लागते. लॅबचे शुल्क एका प्रयत्नाला दीड हजार अमेरिकी डॉलरहून अधिक आहे. भारतातले कायमचे केंद्र बेंगळुरूला असल्यामुळे पुण्याच्या, नागपूरच्या किंवा पणजीच्या उमेदवाराला प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च वेगळा करावा लागतो. एका दिवसासाठी एवढी रक्कम घालायची म्हटल्यावर ‘एकदा बसून तर बघू’ हा विचार फारच महागात पडतो.

आठ तासांचे दोन भाग असतात. पहिले तीन तास आराखड्याचे: समोर एकही यंत्र नसते, एका कल्पित कंपनीचे ईमेल, नकाशे आणि गरजांची कागदपत्रे असतात, आणि त्यांवरून निर्णय घ्यायचे असतात. या भागात एकदा पुढे गेले की मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही. उरलेले पाच तास प्रत्यक्ष उभारणीचे, चालवण्याचे आणि बिघाड शोधण्याचे असतात. दोन्ही भागांत किमान गुण मिळवावे लागतात आणि एकूण गुणांची वेगळी मर्यादाही ओलांडावी लागते, त्यामुळे एका भागात भरपूर कमावून दुसऱ्याची तूट भरून काढता येत नाही.

लग्नाच्या पंगतीचे काम घेणाऱ्या आचाऱ्याची परीक्षा घ्यायची झाली, तर ती अशीच घ्यावी लागेल. आधी चारशे पाने, त्यांतली साठ कांदा-लसणाशिवाय, पाण्याची टंचाई आणि दोनच चुली एवढे सांगून बेत आखायला लावायचा. मग चुलीपुढे उभे करायचे, आणि त्यातही एक पातेले कुणीतरी आधीच करपवून ठेवलेले असायचे.

यादी काय सांगते आणि काय सांगत नाही

अधिकृत यादीला या क्षेत्रात ‘ब्लूप्रिंट’ म्हणतात. तिच्या १.१ या आवृत्तीत पाच विभाग आहेत. नेटवर्कच्या मूळ पायाला, म्हणजे स्विचिंगला आणि मार्ग शोधण्याच्या पद्धतींना, ३० टक्के भार आहे. सॉफ्टवेअरने एका जागेवरून चालवल्या जाणाऱ्या नेटवर्कना २५ टक्के आहे. कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कसाठीचे एसडी-ॲक्सेस आणि शाखांमधल्या नेटवर्कसाठीचे एसडी-वॅन ही त्यातली दोन मुख्य नावे. दूरच्या शाखा जोडणाऱ्या एमपीएलएस आणि डीएमव्हीपीएन या तंत्रांना १५ टक्के, सुरक्षा आणि पूरक सेवांना १५ टक्के आणि ऑटोमेशनला १५ टक्के आहे.

माझ्याकडे आलेल्या तरुणाने या आकड्यांवरून गणित मांडून पाहिले होते: हाताशी दहा महिने आहेत, म्हणून तीन महिने पायाला, अडीच महिने दुसऱ्या विभागाला आणि उरलेल्या तिघांना दीड-दीड महिना. हे दिसायला न्याय्य आहे, पण त्यात एक मूलभूत चूक आहे. भार हा परीक्षेतल्या गुणांचा असतो. तो विषय तुम्हाला शिकायला किती वेळ लागेल, हे त्या आकड्यात कुठेच नसते. सहा वर्षे स्विच हाताळलेल्या माणसाला त्या ३० टक्क्यांतला बराच भाग पंधरा दिवसांच्या उजळणीत येईल, आणि आयुष्यात एकही पायथॉन प्रोग्राम न लिहिलेल्या त्याच माणसाला ऑटोमेशनच्या १५ टक्क्यांसाठी तीन महिने लागतील.

यादीतून न कळणारी दुसरी गोष्ट खोलीची. तिच्यातली एखादी ओळ दोन-तीन शब्दांची असते आणि त्या शब्दांमागे कधी एक सेटिंग असते, तर कधी शंभर पानांचा तांत्रिक मसुदा. शिवाय यादीच्या सुरुवातीलाच सिस्कोने म्हटलेले आहे की हे विषय मार्गदर्शनापुरते आहेत आणि त्यांच्याशी संबंधित इतर विषयही परीक्षेत येऊ शकतात. हे वाचून पुष्कळजण घाबरतात आणि सगळेच वाचायला निघतात. माझ्या मते त्या वाक्याचा अर्थ साधा आहे: यादीतला विषय ज्याच्या आधारावर चालतो ते, आणि तो चालण्यासाठी आजूबाजूला जे लागते ते, तुम्हाला येत असले पाहिजे. कुठला विषय कशावर उभा आहे हे बघणे त्यामुळे टाळता येत नाही.

कशावर काय उभे आहे?

एसडी-ॲक्सेस किंवा एसडी-वॅन समजून घेताना दोन थर वेगळे करावे लागतात. खालच्या थराला ‘अंडरले’ म्हणतात, वरच्याला ‘ओव्हरले’. पुण्याहून कोल्हापूरला जाणारी एसटी डोळ्यांपुढे आणा. प्रवाशाला फक्त गाडीवरची ‘पुणे–कोल्हापूर’ ही पाटी दिसते. तो हा ओव्हरले. गाडी ज्या रस्त्यावरून आणि पुलांवरून जाते तो अंडरले. कराडच्या अलीकडे पूल बंद असेल तर गाडी पोहोचणार नाही, आणि तेव्हा पाटी कितीही पुसली, पुन्हा रंगवली तरी उपयोग नाही.

एसडी-ॲक्सेसमध्ये वरच्या थरात व्हीएक्सलॅन नावाच्या पाकिटात माहिती बंद करून पाठवली जाते, आणि कोणता संगणक सध्या कोणत्या टोकाला जोडलेला आहे याची नोंदवही लिस्प नावाची यंत्रणा ठेवते. ही दोन्ही तंत्रे पोहोचण्यासाठी खालच्या थरातल्या प्रत्येक स्विचला दुसऱ्या स्विचपर्यंतचा रस्ता आधी माहीत असावा लागतो, आणि तो माहीत करून देण्याचे काम जुन्याच मार्गशोधक पद्धती करतात. एसडी-वॅनमध्ये मार्गांची देवाणघेवाण ओएमपी ही पद्धत करते. बीजीपी नीट येणाऱ्याला ती दोन दिवसांत ओळखीची वाटते. डीएमव्हीपीएनचे तर चार घटक आहेत: बोगदा, पत्त्यांची नोंद, कुलूपबंद वाहतूक आणि त्या सर्वांवरून चालणारी मार्गशोधक पद्धत. त्यांतला एकही कच्चा असेल तर बाकीचे तीन येऊनही गुण मिळत नाहीत, कारण गुण चालणाऱ्या कामाला असतात.

म्हणून कागदावर ३० टक्के दिसणारा पाया प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक वजन उचलतो. मी विद्यार्थ्यांना सांगतो की यादी वरून खाली वाचू नका. एक कोरा कागद घ्या, प्रत्येक विषय लिहा आणि तो ज्यावर उभा आहे त्या विषयाकडे बाण काढा. तासाभरात दिसते की बरेचसे बाण ओएसपीएफ आणि बीजीपी या दोन मार्गशोधक पद्धतींकडे जातात. अभ्यासाचा क्रम त्या बाणांनी ठरवायचा, टक्क्यांनी नव्हे. टक्के नंतर उपयोगी पडतात, दोन विषय सारखेच कच्चे असताना आधी कोणता घ्यायचा हे ठरवायला.

एक गाठ जवळून पाहू

‘किती खोल’ या प्रश्नाचे उत्तर मोघम देता येत नाही, म्हणून एकच उदाहरण सविस्तर घेतो.

राउटर एकमेकांना रस्त्यांची माहिती ज्या ठरलेल्या भाषेत सांगतात तिला रूटिंग प्रोटोकॉल म्हणतात. समजा, एका कंपनीच्या अर्ध्या नेटवर्कमध्ये ईआयजीआरपी ही भाषा चालते आणि अर्ध्यात ओएसपीएफ. मधल्या सीमेवर दोन राउटर आहेत आणि दोघेही दुभाष्याचे काम करतात: इकडची माहिती तिकडे आणि तिकडची इकडे. याला ‘रिडिस्ट्रिब्यूशन’ म्हणतात. यादीत याला जेमतेम एक ओळ असते.

आता प्रत्येक राउटर, कोणत्या भाषेतून आलेल्या माहितीवर किती विश्वास ठेवायचा, यासाठी एक आकडा वापरतो; आकडा जितका लहान तितका विश्वास जास्त. सिस्कोच्या राउटरवर ईआयजीआरपीच्या घरच्या माहितीला ९०, ओएसपीएफला ११० आणि ईआयजीआरपीत बाहेरून आलेल्या माहितीला १७० असे आकडे मुळात असतात. समजा, छपाईयंत्रांचे एक छोटे नेटवर्क ईआयजीआरपीच्या बाजूला बाहेरून आणून जोडलेले आहे, म्हणजे त्याचा आकडा १७०. सीमेवरच्या पहिल्या राउटरने ही बातमी ऐकली आणि ओएसपीएफच्या बाजूला सांगितली. दुसऱ्या राउटरला तीच बातमी दोन तोंडांनी कळते: थेट ईआयजीआरपीकडून, विश्वास १७०, आणि ओएसपीएफकडून फिरून आलेली, विश्वास ११०. तो ११० वर विश्वास ठेवतो, जवळचा रस्ता सोडून लांबचा धरतो, आणि दुभाषा असल्यामुळे ती बातमी परत ईआयजीआरपीच्या बाजूला नवी म्हणून सांगतो. गावातून निघालेली बातमी पंचक्रोशीत फिरून त्याच गावात ताजी म्हणून परत यावी, तसा हा प्रकार आहे. आणि परत आलेली बातमी मूळ बातमीपेक्षा आकर्षक वाटली, तर पहिला राउटरही फसतो आणि माहितीची पाकिटे दोघांच्या मधल्या मधे गोल फिरत राहतात.

यावरचा प्रसिद्ध उपाय म्हणजे सीमा ओलांडताना प्रत्येक बातमीवर खूण लावायची आणि खूण असलेली बातमी परत आत घ्यायची नाही. बरेचजण इथेच थांबतात. खुणेमुळे परतीची बातमी थांबते हे खरे, पण दुसऱ्या राउटरने स्वतः धरलेला लांबचा रस्ता तसाच राहतो, कारण त्याच्या दृष्टीने ११० हे अजूनही १७० पेक्षा चांगलेच आहेत. तो रस्ता सुधारायचा तर त्या राउटरवर ओएसपीएफच्या बाहेरून आलेल्या माहितीचा आकडा १७० च्या वर न्यावा लागतो. आणखी एक मेख अशी की बातमी आधी कोणत्या राउटरने पोहोचवली यावर कोण फसणार हे ठरते, त्यामुळे सकाळी नीट चाललेली मांडणी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर उलटी होऊ शकते.

लॅब परीक्षेसाठी लागणारी खोली ती ही. आज्ञा पाठ असणे पुरत नाही; बिघाड आपल्या हाताने घडवून आणता आला पाहिजे, तो ओळखता आला पाहिजे, आणि उपाय केल्यावर नेमके काय सुधारले आणि काय राहून गेले हे सांगता आले पाहिजे. एखाद्या विषयात हे तिन्ही जमले की तो विषय झाला असे समजून खुशाल पुढे जावे.

वाचून कळले म्हणजे हात बसला का?

गाण्याच्या रियाजात सरगम लिहून काढल्याने गळा तयार होत नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. नेटवर्कच्या बाबतीत मात्र सुशिक्षित माणसेही व्हिडिओ पाहून आणि टिपणे काढून अभ्यास झाला असे मानतात. पाच तासांच्या भागात परीक्षा दोन गोष्टींची असते: बरोबर करता येते का, आणि घड्याळ चालू असताना करता येते का. परीक्षेत सिस्कोची अधिकृत माहितीपत्रके उघडता येतात, म्हणून कमी वापरातल्या आज्ञा पाठ करण्यात वेळ घालवू नये. पण प्रत्येक गोष्ट शोधत बसणाऱ्याला पाच तास पुरत नाहीत. कोणत्या आज्ञा बोटांत असल्या पाहिजेत आणि कोणत्या कुठे सापडतील एवढे माहीत असले तरी भागते, ही विभागणीसुद्धा ‘काय शिकायचे’ या प्रश्नाचाच भाग आहे.

बिघाड शोधण्याचा सराव वेगळा करावा लागतो. एक नमुना सांगतो, कारण त्यावर मी स्वतः एकदा पाऊण तास घालवला आहे. डीएमव्हीपीएनच्या बोगद्यावर ओएसपीएफ चालवायचे होते. दोन्ही टोकांकडून पिंग (पोहोच तपासणारा छोटा संदेश) उत्तम जात होते, शेजारी एकमेकांना दिसत होते, पण त्यांचे नाते ‘एक्सस्टार्ट’ या अवस्थेत अडकून बसले होते. मी पासवर्ड तपासले, एरिया तपासला, वेळांचे आकडे तपासले. सगळे जुळत होते. शेवटी दोष निघाला पाकिटाच्या कमाल मापात: एका टोकाला ते १,४०० बाइट ठरवलेले होते आणि दुसऱ्या टोकाला बोगद्याचे मूळ माप १,४७६ तसेच राहिले होते. ओएसपीएफची ओळख करून देणारी पाकिटे लहान असतात, सिस्कोचे नेहमीचे पिंग तर केवळ १०० बाइटचे असते, म्हणून ती निर्धोक जातात. पण माहितीच्या याद्यांची देवाणघेवाण सुरू होताना ओएसपीएफ दोन्ही बाजूंचे माप ताडून पाहते आणि ते जुळले नाही तर पुढे सरकत नाही. ईआयजीआरपी अशी तपासणी करत नाही, म्हणून त्याच बोगद्यावर ते विनातक्रार जुळले असते. हे पुस्तकात मी वाचलेले होते. त्या पाऊण तासानंतर मात्र ‘एक्सस्टार्ट’ हा शब्द दिसला की माझा हात आधी मापाकडे जातो.

सरावासाठी महागडी यंत्रे विकत घेण्याची गरज आता राहिलेली नाही. ईव्ह-एनजी आणि जीएनएस३ ही साधने विनामूल्य मिळतात, तर सिस्कोचे स्वतःचे ‘मॉडेलिंग लॅब्ज’ हे साधन पैसे भरून घेता येते आणि त्यात यंत्रांच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत प्रतीही येतात. वर सांगितलेली रिडिस्ट्रिब्यूशनची गाठ पाच-सहा राउटरांत बांधता येते, आणि १६ जीबी स्मृतीच्या लॅपटॉपवर ती आरामात चालते. अडचण येते ती सॉफ्टवेअरने चालणाऱ्या नेटवर्कची, कारण त्यांचे नियंत्रक, त्यातही कॅटलिस्ट सेंटर, घरच्या यंत्रात मावण्यासारखे नाहीत. त्यासाठी सिस्कोची ‘डेव्हनेट सँडबॉक्स’ ही सेवा आहे. तिथे अशी यंत्रणा ठरावीक काळापुरती विनामूल्य वापरायला मिळते. मर्यादित वेळ मिळणार असेल तर काय करून पाहायचे हे आधी वहीत लिहून मगच आत शिरावे.

आराखड्याचा भाग कसा शिकायचा?

या तीन तासांची तयारी बहुतेकजण करतच नाहीत, कारण ती कशी करायची हे त्यांना दिसत नाही. इथे एखादा पर्याय तांत्रिकदृष्ट्या चांगला असून भागत नाही. समोरच्या कंपनीच्या अटींत तो बसला पाहिजे. पाचव्या ईमेलमध्ये कुणीतरी सहज लिहिलेले असते की एका शाखेतली यंत्रे या वर्षी बदलता येणार नाहीत, आणि त्या एका वाक्याने सर्वांत चकचकीत पर्याय बाद होतो. सरावासाठी मी एक साधी सवय सुचवतो. लॅबमध्ये काहीही उभारले की शेवटी वहीत चार ओळी लिहायच्या: ही पद्धत का निवडली, दुसरी कोणती चालली असती, शाखा दहाच्या पाचशे झाल्या तर काय मोडेल, आणि कोणत्या अटीमुळे आपला निर्णय बदलेल. रोजच्या नोकरीत ज्यांना असे निर्णय घ्यावे लागत नाहीत, त्यांनी आपल्या कार्यालयातली मांडणी अशी का केली असेल, हे एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला मोकळेपणाने विचारावे. त्या अर्ध्या तासात जे कळते ते पुस्तकांत क्वचितच मिळते.

काय सोडून द्यायचे?

जुन्या पुस्तकांत आणि जुन्या अभ्याससंचांत कालबाह्य विषय पानोपानी भेटतात. फ्रेम रिले हे शाखा जोडण्याचे जुने तंत्र एकेकाळी या परीक्षेचे हुकमी प्रकरण होते. ‘रूटिंग अँड स्विचिंग’च्या २०१४ मधल्या पाचव्या आवृत्तीत ते वगळले गेले. तरी वडीलधाऱ्या सहकाऱ्याने प्रेमाने दिलेल्या पुस्तकात ते आहे म्हणून त्यावर आठवडा घालवणारे उमेदवार मी पाहिले आहेत. अभ्यासाचे कोणतेही साहित्य हातात घेताना ते कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलेले आहे हे आधी पाहावे, आणि परीक्षेची तारीख घेण्यापूर्वी सिस्कोच्या संकेतस्थळावरची यादी पुन्हा एकदा उघडावी. नावे बदलली म्हणूनही गोंधळ होतो: आधीचे डीएनए सेंटर म्हणजेच आजचे कॅटलिस्ट सेंटर, आणि आधीचे व्हीमॅनेज म्हणजेच आजचे एसडी-वॅन मॅनेजर. नाव नवे दिसले म्हणून विषय नवा आहे असे समजू नये.

उलट बाजूने, ऑटोमेशनचे पान कोरे ठेवणाऱ्यांची एक समजूत काढली पाहिजे. या विभागासाठी प्रोग्रामर व्हावे लागत नाही. जेसॉन आणि एक्सएमएल या स्वरूपांतली माहिती वाचता येणे, नियंत्रकाला पायथॉनमधून प्रश्न विचारून आलेल्या उत्तरातला हवा तो भाग काढता येणे, आणि राउटरवर एखादी घटना घडली की आपोआप आज्ञा चालवणारी छोटी योजना लिहिता येणे, इतपत तयारीने बरीच मजल मारता येते. रोज अर्धा तास, पण रोज, असे केले तरच हे जमते.

‘फुटलेले प्रश्न मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला?’

हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर मी स्पष्ट देतो. प्रत्येक उमेदवार परीक्षेपूर्वी गोपनीयतेचा करार मान्य करतो. प्रश्न विकणे आणि विकत घेणे हा त्या कराराचा भंग आहे आणि त्यापायी प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. पण मला त्याहून अधिक खुपते ते वेगळेच. एखाद्या रुग्णालयाचे किंवा बँकेचे नेटवर्क पहाटे तीन वाजता बंद पडते तेव्हा ‘सीसीआयई’ म्हणून ज्याला फोन केला जातो, त्याने उत्तरे पाठ करून ते प्रमाणपत्र मिळवलेले असेल, तर त्याची किंमत त्या तासाला तिथली माणसे मोजतात. रिडिस्ट्रिब्यूशनची ती गाठ ज्याने स्वतः सोडवलेली नाही, त्याला ती तिथे सुटणार नाही.

‘आता सगळे सॉफ्टवेअरच करणार, मग जुने रूटिंग कशाला?’

याचे उत्तर वर एसटीच्या पाटीत येऊन गेले आहे. नियंत्रक शंभर राउटरांवर मांडणी एका झटक्यात पाठवतो हे खरे; पण चुकीची मांडणीही तो तितक्याच झटक्यात पाठवतो, आणि ती चूक कोणत्या थरातली आहे हे ओळखायला खालचा थर यावाच लागतो. सिस्कोने स्वतः यादीत पायाला सर्वांत मोठा भार दिलेला आहे, ते याचमुळे.

वहीत तीन रकाने

आता त्या वहीकडे परत येतो. मी त्या तरुणाला नवीन पानावर यादीतला प्रत्येक विषय लिहायला सांगितला आणि पुढे तीन रकाने आखायला लावले. पहिल्यात गुणांचा भार. दुसऱ्यात, या विषयावर आणखी किती विषय उभे आहेत तो बाणांचा आकडा. तिसरा रकाना स्वतःच्या परीक्षेचा: विषयाची छोटी मांडणी कोऱ्या राउटरांवर, पुस्तक बंद ठेवून, घड्याळ लावून उभी करायची, आणि लागलेली मिनिटे व कितीदा अडलो तो आकडा लिहायचा. ‘येते’ किंवा ‘थोडेफार येते’ असे शब्द त्या रकान्यात लिहायचे नाहीत, फक्त आकडे. हे तीन रकाने भरायला त्याला तीन आठवडे लागले, आणि तेवढ्या काळात त्याने नवे काहीच शिकले नाही, याची त्याला रुखरुख लागली होती. पण त्या पानाने त्याला दाखवले की ज्या बीजीपीवर ऐंशी पाने होती ते त्याला खरोखरच येत होते, मल्टिकास्ट (एकच माहिती अनेकांना एकदम पाठवण्याची पद्धत) त्याने येते असे धरले होते आणि ते येत नव्हते, आणि ओएसपीएफमध्ये तो दोन ठिकाणी नेहमी अडत होता.

त्यानंतर आठवड्याचा बेत आखणे सोपे झाले. ज्या विषयावर जास्त बाण येतात आणि जिथे आपण अडतो, तो आधी. एका वेळी दोनच विषय, एक पायातला आणि एक वरच्या थरातला. दर चौथ्या आठवड्यात नवे काही नाही. आधी झालेले विषय एकाच मांडणीत एकत्र आणून पाच तासांची सलग बैठक. रात्रपाळीच्या आठवड्यात अवघड लॅब ठेवायची नाही, आराखड्याच्या त्या चार ओळी आणि पायथॉनचा अर्धा तास एवढेच. तिसरा रकाना दर दोन महिन्यांनी नव्याने भरायचा, कारण मार्चमध्ये पक्का असलेला विषय जुलैपर्यंत हातून निसटलेला असतो.

तारीख कधी घ्यायची, असे त्याने मागच्या महिन्यात फोनवर विचारले. मी त्याला एकच कसोटी सांगितली: अनोळखी मांडणीवरच्या लागोपाठ तीन बैठकांत पाच तासांचे काम सव्वाचार तासांत संपले, आणि उरलेल्या पाऊण तासात स्वतःच्या चुका स्वतःच सापडल्या, की बेंगळुरूचे तिकीट काढ. त्याच्या आतापर्यंत दोन बैठका झाल्या आहेत. दुसरीत तो मल्टिकास्टवर अडला, म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली आहे.